आर्डिथ कोलबर्नला पडणारं एक मत

पर्ली डुफ्रेनचा चेहरा गव्हर्नर होऊ पाहणाऱ्या माणसांना फार आवडायचा. यात पर्लीचा काही दोष नव्हता. चौतीस वर्षं ईस्ट पेल्टन गावचे मातीचे रस्ते खरवडून आणि हिवाळ्यात त्यांच्यावरचं बर्फ लोटून त्याचा चेहरा असा काही झाला होता, की फोटोत मागे डोंगर नसला तरी चालावं. लाल-काळ्या चौकड्यांचं जाड जाकीट, पांढऱ्या दाट भुवया, आणि समोरचा बोलत असताना एका बाजूला कललेली मान. मान कलायची कारण डाव्या कानाने त्याला धड ऐकू येत नव्हतं. पण फोटोत ते फार विचारी दिसायचं.

आतापर्यंत चार उमेदवारांच्या पत्रकांवर तो झळकला होता. एका निवडणुकीत तर दोन्ही बाजूंच्या पत्रकांवर होता आणि दोन्हीकडे तेच जाकीट होतं. उमेदवार यायचा, डेल्मा रशफर्डच्या दुकानात सफरचंदाच्या सायडरचा डोनट खायचा, "वा, असा डोनट राजधानीत मिळत नाही" म्हणायचा, आणि मग सगळी वरात हॅच ओढ्यावरच्या पुलाकडे निघायची. तिथे पर्लीचा हात दोन्ही हातांत घेऊन उमेदवार म्हणायचा, "तुमचं म्हणणं मी ऐकलंय." पर्लीने तोवर तोंड उघडलेलं नसायचं.

म्हणणं पुलाचंच होतं. पूल खिळखिळा झाला त्याला आता वीस वर्षं होत आली. पहिल्या गव्हर्नराने सांगितलं, पूल गावाचा आहे, गावाने बघावं. दुसऱ्याने सांगितलं, पूल राज्याचा आहे आणि राज्य नक्की बघेल. तिसऱ्याने तो कुणाचा आहे हे ठरवायला समिती नेमली. समिती पूल बघायला आली तेव्हा तो गाड्यांना बंद झाला होता, म्हणून बिचारी अकरा मैलांचा वळसा घालून पलीकडच्या काठावर पोचली आणि तिथून पुलाकडे बघून परत गेली. "पूल बंद. पायीसुद्धा जाऊ नये" ही पाटी पर्लीनेच रंगवली होती. नोकरीतलं ते त्याचं शेवटचं काम. पाटी लागल्या दिवसापासून अख्खं गाव पुलावरून पायी जात होतं. एकटा पर्ली अकरा मैल फिरून जायचा. आपणच लिहायचं आणि आपणच मोडायचं हे काम गव्हर्नरांचं, असं त्याचं मत होतं.

तर अशा माणसाने मत द्यायचं कुणाला?

बारा वर्षांपूर्वी, तिसऱ्या गव्हर्नराची समिती येऊन गेली त्या साली, पर्ली मतपत्रिका घेऊन आडोशाला उभा राहिला आणि त्याचा हातच चालेना. दोन्ही नावांकडे बघून त्याला सारखाच कंटाळा येत होता. त्या नावांखाली एक रिकामी ओळ होती. छापलेली नावं पसंत नसतील तर आपल्या मनातलं नाव लिहायला ती ठेवलेली असते आणि शहाणी माणसं तिच्याकडे बघत नाहीत. पर्लीने पडदा जरासा सारून बाहेर पाहिलं. टाऊन हॉलच्या मधोमध टेबलाशी आर्डिथ कोलबर्न बसली होती.

आर्डिथ ही गावची क्लार्क. जन्म, मृत्यू, लग्नं, जमिनी, कुत्री, शिकारीचे परवाने, सगळं तिच्या एका खोलीत आणि त्याहून जास्त तिच्या डोक्यात असायचं. त्या घटकेला ती एका धिप्पाड लाकूडतोड्याला टोपी काढायला लावत होती, एका आजीला चष्मा शोधून देत होती आणि भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे हे कुणाला तरी तिसऱ्यांदा सांगत होती. पर्लीला वाटलं, ही बाई आठवड्यात राज्य सुतासारखं सरळ करेल. त्याने त्या ओळीवर लिहिलं: आर्डिथ कोलबर्न. बरं वाटलं. कित्येक वर्षांत मत दिल्यावर बरं वाटायची ती पहिली वेळ.

तेव्हा ते नुसतं मत होतं. आर्डिथच्या नवऱ्याला, रॉयला, जाऊन तीन वर्षं झाली होती. पर्लीने कधी लग्न केलं नव्हतं; आधी आई आजारी होती, मग रस्ते होते, आणि मग ते राहूनच गेलं. दोन वर्षांनी निवडणूक आली, त्याने पुन्हा तेच नाव लिहिलं. तिसऱ्या वेळी मत द्यायला जायच्या आदल्या दिवशी त्याने शर्ट धुतला. चौथ्या वेळी शर्टाला इस्त्री केली, जाकिटाच्या आत ती कुणाला दिसणार नव्हती तरीही. एकाहत्तराव्या वर्षी माणूस आपल्याशी खोटं बोलू शकतो, पण इस्त्री तापवून नाही. पर्लीला कळून चुकलं होतं की आपण दर दोन वर्षांनी या बाईला एक चिठ्ठी लिहितो आणि ती राज्य सरकारमार्फत पाठवतो.

आणि ही चिठ्ठी गुप्त आहे, अशी त्याची खात्री होती. गुप्त मतदान म्हणजे गुप्त. ईस्ट पेल्टनमध्ये एकशे बारा मतदार. मतं हाताने मोजायची. दोन्ही पक्षांची माणसं समोरासमोर बसून एकेक कागद उलगडून मोठ्याने वाचणार. शिवाय चौतीस वर्षं पर्लीने रस्त्यांची रोजनिशी स्वतःच्या हाताने लिहून आर्डिथच्याच टेबलावर नेऊन ठेवलेली: "बर्फ नऊ इंच. दोन फेऱ्या. डेल्माची टपालपेटी माझ्याकडून पुन्हा तुटली." इतकं असून आपलं अक्षर कुणी ओळखणार नाही, असं मानणारा माणूस फक्त याच गावात निपजू शकतो.

आर्डिथने बारा वर्षांत तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. मात्र दुपारी बारा ते एक ऑफिस बंद असताना मागचं दार नुसतं लोटलेलं असायचं. पर्ली साडेबाराला आपला डबा घेऊन तिथून आत यायचा. तिचं सूप, त्याचं सँडविच. कुठला रस्ता खचला, कुणाची गाय कुणाच्या मक्यात शिरली, इतपत बोलणं. दोघांनी तेवढ्यावर बारा हिवाळे काढले.

यंदाची निवडणूक नेहमीपेक्षा भिकार होती. एकीकडे प्रेस्कॉट वेल. दोन डोंगरांवर त्याचे बर्फावरून घसरायचे उतार होते आणि दात बर्फाहून पांढरे. दुसरीकडे नॅडीन कॅस्पर. तिला प्रत्येक प्रश्नाची तीन अंगं दिसायची आणि ती तिन्ही सांगितल्याशिवाय ती माइक सोडायची नाही. पर्लीचं मत असं होतं, की वेलला गावाचं नाव माहीत नाही आणि कॅस्परबाईंना ते माहीत आहे, पण त्या ते सांगणार चाळीस मिनिटांनी.

ऑक्टोबरच्या मध्यावर वेल पुलावर येऊन गेला. हात दोन्ही हातांत, म्हणणं ऐकलं, फोटो. आठवड्याने घरोघरी पत्रक आलं. पर्लीने ते पाहिलं डेल्माच्या दुकानात, दूध आणायला गेला तेव्हा. पत्रकावर तो मान कलवून उभा होता आणि खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं: "मी आयुष्यभर रस्ते सरळ केले. आता वेल राज्य सरळ करतील. पर्ली डुफ्रेन."

पर्लीने ते दोनदा वाचलं.

"छान बोललास की," डेल्मा गल्ल्यामागून म्हणाली. पंचावन्नची, ठेंगणी, आणि जिभेला धार. "चौतीस वर्षांत एवढं सलग वाक्य ऐकलं नव्हतं तुझ्याकडून."

"मी हे बोललो नाही."

"माहितीये. 'आयुष्यभर रस्ते सरळ केले' म्हणे. माझ्या दारातलं वळण बघितलंय का त्या वेलने? टपालपेट्या किती गेल्या तिथे?"

"डेल्मा, मी चेष्टेच्या मूडमध्ये नाहीये."

आणि मग पर्ली बोलला. त्याला ओळखणाऱ्यांना ते अजून आठवतं, कारण तो पाच मिनिटं बोलला. म्हणाला, वीस वर्षं हे लोक येतात, माझा हात दाबतात, तोंडाला पानं पुसतात आणि जातात. आता तर माझ्या तोंडात आपले शब्द कोंबायला लागले. बस झालं. यंदा मी मत देणार नाही. याला नाही, तिला नाही, कुणालाच नाही. टाऊन हॉलची पायरी चढणार नाही. तो सगळा कागदांचा खेळ आहे आणि मूर्ख आम्ही, जे दर दोन वर्षांनी कागदावर काहीबाही लिहून येतो.

"काहीबाही" म्हणताना त्याने हात हवेत उडवला, आणि तो उडवताना त्याचं लक्ष डब्यांच्या फळीकडे गेलं. तिथे आर्डिथ उभी होती, हातात टोमॅटो सूपचे दोन डबे. तिने पर्लीकडे पाहिलं. मग एक डबा शांतपणे फळीवर परत ठेवला, दुसऱ्याचे पैसे दिले आणि निघून गेली.

"हिला काय झालं?" पर्लीने विचारलं.

डेल्माने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दूध न घेताच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मागच्या दाराला कडी होती. पर्लीने ठोठावलं. आतून आवाज आला, "बारा ते एक ऑफिस बंद असतं."

"मी आहे, पर्ली."

"पाटी वाचता येत असेल."

तो पुढच्या दाराशी एक वाजेपर्यंत थंडीत उभा राहिला. आत गेल्यावर खोलीत दुसरं कुणी नसताना आर्डिथने त्याला रांगेचा नंबर घ्यायला लावला. नंबर एक. मग ती कागद चाळत राहिली आणि थोड्या वेळाने हाक मारली, "नंबर एक."

पर्ली पुढे झाला. "हरणाच्या शिकारीचा परवाना हवाय."

"नाव?"

"आर्डिथ, आपण पहिलीपासून एका वर्गात होतो."

"नाव?"

त्याने नाव सांगितलं. पत्ता सांगितला. उंची सांगितली. डोळ्यांचा रंग विचारल्यावर त्याला तो आठवेना, तेव्हा तिने वर न बघताच "करडा" असं लिहून टाकलं. पर्लीला वाटलं, ही चिडली आहे ती मतदानावरून. जन्मभर निवडणुका सांभाळणारी बाई. मत न देणं तिला पापच वाटणार. म्हणून त्याने समजूत काढायचा प्रयत्न केला.

"माझं ते तत्त्व आहे, आर्डिथ. यात तुझा काही संबंध नाही."

तिचं पेन थांबलं. "नाही का?"

"छे, अजिबात नाही."

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली आणि परवान्यावर शिक्का असा मारला की टेबलावरची टाचणी उडाली.

पुढच्या सोमवारी गावात बातमी आली. मार्चमधल्या गावसभेत आर्डिथ क्लार्कच्या जागेसाठी पुन्हा उभी राहणार नव्हती. तिची बहीण अॅरिझोनात होती आणि कैक वर्षं बोलावत होती. आता ती जाणार, घर विकून.

आठवडाभर पर्ली घरात बसून रेडिओवर वेल आणि कॅस्परची भांडणं ऐकत राहिला. कॅस्परबाई पुलाबद्दल काही बोलल्या, वेल पुलाबद्दल काही बोलला, आणि जन्मात पहिल्यांदा पर्लीला पुलाचं काहीच वाटलं नाही. अॅरिझोना कुठे आहे ते त्याने जुन्या नकाशात पाहिलं. फार लांब होतं. मध्ये कितीतरी राज्यं होती आणि प्रत्येक राज्यात एकेक गव्हर्नर.

मतदानाच्या दिवशी तो खरंच गेला नाही. दिवसभर लाकडं फोडली. सरपण तीन हिवाळ्यांचं झालं. संध्याकाळी साडेसहाला दूध संपलं म्हणून डेल्माच्या दुकानात गेला. डेल्मा कोट चढवत होती. मतमोजणीला तिच्या पक्षाकडून दर वेळी तीच असायची.

"दूध घे आणि फुट," ती म्हणाली. "सातला मतदान संपतं. मला पोचायचंय."

"किती जणांनी दिलं?"

"तुला काय करायचंय? तुझं तत्त्व आहे ना." तिने बटण लावता लावता हात थांबवला. "पर्ली, एक विचारू? तू खरंच एवढा बावळट आहेस, की सोंग करतोस?"

"काय झालं?"

"बारा वर्षं मी त्या टेबलाशी आर्डिथच्या समोर बसते. दर वेळी एक कागद निघतो. गव्हर्नर, आर्डिथ कोलबर्न. पहिल्या वेळी तिला वाटलं कुणी टिंगल केली. दुसऱ्या वेळी तिने तो कागद जरा जास्तच वेळ हातात धरला. तिसऱ्या वेळेपासून बाई मोजणीला निळा स्वेटर घालून येते. मोजणीला, पर्ली. टेबलाशी बघायला असतो कोण? मी आणि दुसऱ्या पक्षाचा तो बहिरा अॅम्ब्रोज."

पर्लीच्या हातातून दुधाची बाटली सुटली. ती प्लॅस्टिकची होती म्हणून वाचली.

"तिला माहितीये?"

"तिला?" डेल्माने हात टेकले. "अरे, अख्ख्या गावाला माहितीये. पाद्रीबाबांना माहितीये. गुरांच्या डॉक्टरला माहितीये, आणि तो आपल्या गावचासुद्धा नाही. निकालाचा कागद टाऊन हॉलच्या दारावर लागतो. त्यावर दर वेळी आर्डिथ कोलबर्न, एक. इथे लोक आधी ते बघतात, मग गव्हर्नर कोण झाला ते."

"कुणी मला बोललं नाही."

"गुप्त मतदान आहे ना बाबा. आम्ही काय कायदा मोडायचा? आणि तू काय केलंस, तर माझ्या दुकानात उभा राहून तिच्यादेखत म्हणालास, मूर्खासारखं काहीबाही लिहून येतो. त्यावर कडी म्हणजे तिच्या ऑफिसात जाऊन सांगितलंस की तुझा काही संबंध नाही."

पर्लीने तिचं पुढचं ऐकलंच नाही. सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. त्याची गाडी घरी, तो पायी आलेला. घरी जाऊन, गाडी काढून, अकरा मैलांचा वळसा म्हणजे सात वाजून जाणार. टाऊन हॉल ओढ्याच्या पलीकडे, पुलावरून सरळ दहा मिनिटांवर. डेल्मा तिकडूनच जाणार होती, रोजच्यासारखी.

"चल," पर्ली म्हणाला.

"पुलावरून? तू?"

"चल म्हणतो ना."

पाटीपाशी मात्र तो घटकाभर थांबला. मग एक पाय उचलून आडव्या फळीपलीकडे टाकला. दुसरा पाय यायला तयार होईना. गुडघ्याची आपली वेगळी तत्त्वं होती. डेल्माने खालून ढकललं आणि तो पलीकडे गेला.

पुलाच्या मधोमध लखलखीत उजेड होता. एक कॅमेरा, एक वार्ताहर, आणि नॅडीन कॅस्पर. वेलच्या पत्रकाला उत्तर द्यायला बाईंनी शेवटची मुलाखत याच पुलावर ठेवली होती आणि त्या आता पुलाच्या प्रश्नाच्या तीनपैकी दुसऱ्या अंगापर्यंत पोचल्या होत्या. पुलाच्या धड उरलेल्या फळ्यांवर दोन माणसं जेमतेम मावत आणि तिथे आता बाई, कॅमेरा आणि दिव्याचा खांब असं तिघांनी ठाण मांडलं होतं.

"वाट द्या," पर्ली म्हणाला.

बाई वळल्या आणि त्यांचा चेहरा फुलला. "तुम्हीच ते. पत्रकावरचे." त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. कॅमेरा वळला. "मिस्टर डुफ्रेन, वेल यांनी तुमचा वापर करून घेतला. मला तुमचं म्हणणं ऐकायचंय."

वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी 'ऐकलंय' न म्हणता 'ऐकायचंय' म्हटलं होतं. एरवी पर्ली थांबलाही असता.

"बाई," तो म्हणाला, "माझं म्हणणं एवढंच, की तुम्ही थोडं डावीकडे सरका."

"पण या पुलाचं काय?"

"तो वीस वर्षं थांबलाय. मला सातच्या आत पोचायचंय."

बाई सरकल्या. त्या प्रचारात एखाद्या मतदाराने मागितलेलं जागच्या जागी मिळालं असेल, तर ते तेवढंच.

टाऊन हॉलमध्ये शिरला तेव्हा भिंतीवर सात वाजायला दोन मिनिटं होती, म्हणजे खरी सहा. दहाबारा माणसं निकालासाठी बाकांवर येऊन बसली होती. आर्डिथ टेबलाशी होती. अंगात करडा स्वेटर होता, निळा नव्हता, आणि तो बघून पर्लीला लाकडं फोडूनही लागली नव्हती तेवढी धाप लागली.

"आर्डिथ, मला तुला काही सांगायचंय."

"नाव?"

"पर्ली डुफ्रेन. आर्डिथ, ऐक. मी जे दुकानात बोललो..."

"मतदान चालू असताना हॉलमध्ये कुणाचा प्रचार करता येत नाही."

"प्रचार कसला? मी फक्त तुझ्याबद्दल..."

"माझ्या नावावर या हॉलमध्ये आजवर सहा मतं पडलेली आहेत," ती सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली. "म्हणजे तो प्रचारच. मतपत्रिका हवी का? पाच मिनिटं उरलीत."

बाकांवर कुणीतरी खोकलं. अॅम्ब्रोज मोठ्याने म्हणाला, "काय म्हणाली?" आणि चार जणांनी त्याला गप्प केलं. पर्लीने मतपत्रिका घेतली आणि आडोशाला गेला.

तिथे तो बराच वेळ होता. बाहेरून फक्त त्याचे बूट दिसत होते आणि ते हलत नव्हते. आर्डिथने घड्याळाकडे पाहिलं, चार मिनिटं वजा केली, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला तो बाहेर आला. कागद पेटीत गेला. आर्डिथने उठून दाराला कडी घातली आणि जाहीर केलं, "मतदान संपलं." मग ती टेबलाशी आली, डेल्मा आणि अॅम्ब्रोज समोर बसले, आणि पेटी उघडली.

गव्हर्नरची मतं आधी मोजायची असा गावचा रिवाज होता. आर्डिथ एकेक कागद उलगडून सपाट आवाजात वाचत होती. वेल. कॅस्पर. कॅस्पर. वेल. डेल्मा रेघा ओढत होती. एरवी या वेळी बाकांवर गप्पा चालायच्या. आज पन्नाशीच्या पुढे गेल्यावर कुणी बोलेना. ऐंशी झाले. नव्वद झाले. पर्लीचा कागद शेवटी पडलेला, म्हणजे पेटीत सगळ्यात वर. पेटी पालथी केल्यावर तो सगळ्यात खाली गेला होता. हे गणित तिथे प्रत्येकाने मनात केलेलं होतं.

शहाण्णव झाले. आर्डिथने शेवटचा कागद उचलला आणि उलगडला.

"काय म्हणाली?" अॅम्ब्रोजने विचारलं.

"काही म्हणाली नाही अजून," डेल्मा म्हणाली.

आर्डिथने कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "गव्हर्नर," तिने वाचलं. "कोरं."

हॉलमध्ये सगळ्यांच्या माना पर्लीकडे वळल्या. डेल्माने पेन खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. आर्डिथ कागदाकडेच बघत होती. नियमाप्रमाणे तिने तो कागद बाजूला ठेवून पुढच्या रकान्याकडे वळायचं होतं. तीस वर्षांत तिने नियम सोडला नव्हता.

"मतदान संपलंय," ती म्हणाली. आवाज सपाट राहिला नाही. "आता बोललं तर चालतं. कोरं का?"

पर्ली उभा राहिला. जाकिटाची बटणं उघडी होती आणि आतला शर्ट चुरगळलेला होता; आज इस्त्री करायचं कारण घडलं नव्हतं.

"तुझंच नाव लिहीत होतो," तो म्हणाला. "पेन टेकवलं होतं. मग मनात आलं, ही उद्या खरंच निवडून आली तर? गव्हर्नरला राजधानीत राहावं लागतं. एक अॅरिझोना काय कमी आहे? मी बारा वर्षं तुला इथून घालवायलाच मत देत होतो आणि माझ्या लक्षातच आलं नाही. तू कुठेच जाऊ नयेस, आर्डिथ. मला तू इथे हवीस. ते लिहायला त्या कागदावर जागा नव्हती."

अॅम्ब्रोजला या वेळी स्वच्छ ऐकू गेलं असावं, कारण त्याने काही विचारलं नाही.

आर्डिथने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग निकाल वाचावा तशी म्हणाली, "अॅरिझोनात ऊन फार असतं. मला ते कधीच मानवलं नाही."

डेल्माने घाईघाईने पेन उचललं. "हे लिहू?"

"नको. हे मोजणीत येत नाही," आर्डिथ म्हणाली, आणि आपल्या शेजारची रिकामी खुर्ची ओढून तिने पर्लीला हाताने बसायची खूण केली.